हार्थस्टोनचा डेक सरासरी हातासाठी बांधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही महिन्यांपासून हार्थस्टोन हा ऑनलाइन पत्त्यांचा खेळ खेळताय, पैसे न घालता. पॅकमधून निघालेली सात लेजंडरी (सर्वांत दुर्मिळ) कार्डं घेऊन मेज या जादूगार क्लासचा डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, बांधलात. एकेक कार्ड पाहिलं तर भारी आहे, तरी गोल्ड रँकच्या वर जाता येत नाही. दुसऱ्याची यादी जशीच्या तशी उतरवली की जिंकता, पण ती का चालते ते उमगत नाही, आणि स्वतःचा डेक काही केल्या जमत नाही.

हा खेळ २०१४ साली आला तेव्हापासून मी तो खेळतोय, लेजंड या सर्वांत वरच्या रँकपर्यंत बऱ्याचदा गेलोय आणि नव्या खेळाडूंचे डेक तपासून देण्यात मला मनापासून आनंद मिळतो. तुमची यादी नीट वाचली. तिच्यात टाकाऊ कार्ड जवळजवळ एकही नाही. अडचण अशी की हा डेक सगळ्यात चांगला हात डोळ्यांसमोर ठेवून बांधलाय, आणि तो हात तुम्हाला क्वचितच येतो. जो डेक नेहमीच्या, सरासरी हातावरही जिंकतो त्याला मी दमदार म्हणतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी किती पत्ते दिसतात ते पाहू. डेक ३० पत्त्यांचा. एकाच कार्डाच्या जास्तीत जास्त दोन प्रती, लेजंडरीची एकच. पहिली खेळी ज्याची त्याला सुरुवातीला ३ पत्ते, दुसऱ्याला ४ आणि वर एक कॉइन, म्हणजे मागून खेळण्याची भरपाई म्हणून मिळणारं जादा कार्ड. मग दर टर्नला एक पत्ता. म्हणजे पहिली खेळी तुमची असेल तर सातव्या टर्नपर्यंत तुम्ही १० पत्ते पाहिलेले असतात, डेकचा फक्त एक तृतीयांश. मलिगनमध्ये, म्हणजे सुरुवातीचे नको असलेले पत्ते बदलून घेताना, काही बदलले तर थोडे जास्त. बरेचसे डाव सात-आठ टर्नमध्ये निकाली निघतात, तेव्हा उरलेले दोन तृतीयांश पत्ते तुम्हाला दिसतच नाहीत. ज्या लेजंडरीवर तुमची सगळी भिस्त आहे ती तोपर्यंत तीन डावांत साधारण एकदा हातात येते. उरलेल्या दोन डावांत तुम्ही कसे जिंकणार, याचं उत्तर तुमच्या यादीत नाही.

आता मॅना, म्हणजे कार्ड खेळायला खर्चावी लागणारी ऊर्जा; ती दर टर्नला एकाने वाढते. पहिल्या चार टर्नमध्ये मिळून १+२+३+४, म्हणजे १० मॅना वापरायला मिळतो. पहिल्या दोन टर्न रिकाम्या गेल्या तर त्यातला ३ वाया, जवळपास एक तृतीयांश. समोरच्याने तेवढ्यात दोन मिनियन (टेबलावर उतरून लढणारी कार्डं) मांडलेले असतात आणि तुमची तिसरी-चौथी टर्न ते निस्तरण्यात जाते. नवे खेळाडू म्हणतात, ‘आठव्या टर्नला माझं मोठं कार्ड आलं होतं, पण खेळायला वेळच मिळाला नाही.’ तो डाव खरं तर दुसऱ्या टर्नलाच हातातून निसटलेला असतो.

म्हणून कुठलीही यादी हातात आली की मी आधी एक आणि दोन मॅनाची कार्डं मोजतो. समजा पहिली खेळी तुमची आहे आणि मलिगनमध्ये स्वस्त कार्ड नसेल तर तुम्ही तिन्ही पत्ते बदलता. (बदललेले पत्ते त्याच फेरीत परत हातात येत नाहीत, हे इथे उपयोगी पडतं.) दुसऱ्या टर्नपर्यंत निदान एक स्वस्त कार्ड हातात असण्याची शक्यता डेकमध्ये अशी ४ कार्डं असतील तर सुमारे ७२%, ६ असतील तर ८६% आणि ८ असतील तर ९४%. १० केलीत तर ९७%. चारावरून आठावर जाण्यात केवढा फायदा आहे आणि आठावरून दहावर जाण्यात किती कमी, ते बघा. तुमच्या डेकमध्ये अशी ३ कार्डं आहेत, म्हणजे ६१%. पहिली खेळी तुमची असलेल्या दहा डावांपैकी जवळपास चारांत दुसऱ्या टर्नला तुम्ही फक्त हिरो पॉवर (पत्ता न खर्चता वापरता येणारी क्लासची क्षमता) दाबून बसता. याउलट सात आणि त्याहून जास्त मॅनाची कार्डं पाच आहेत. तुम्हाला गोल्डच्या वर जाऊ न देणारी गोष्ट बहुतांशी हीच आहे.

पण नुसती स्वस्त कार्डं भरली की काम झालं असंही नाही. आधी हे ठरवायला हवं की डाव जिंकायचा कसा आणि साधारण कितव्या टर्नला. डेक पाहिल्यावर हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘पहिल्या चार टर्नमध्ये टेबलावर ताबा, सहाव्या-सातव्याला स्पेलने (एकदाच वापरता येणाऱ्या मंत्राच्या कार्डाने) शेवट.’ ‘पाचव्या टर्नपर्यंत तग धरायचा, दोनदा सगळं टेबल साफ करायचं, मग मोठे मिनियन एकामागोमाग एक.’ असं वाक्य तयार झालं की प्रत्येक कार्डाला विचारता येतं, या वाक्यात तुझं काम काय? काम सांगता येत नसेल ते कार्ड बाहेर, मग ते सोनेरी असो की लेजंडरी. माझा अनुभव असा की पहिल्याच तपासणीत पाच-सहा पत्ते गळतात आणि बहुतेक वेळा ते मालकाचे सगळ्यात लाडके असतात.

हे मेजवर लावून पाहू, कारण तुमचा क्लास तोच आहे. फ्रॉस्टबोल्ट २ मॅनात ३ डॅमेज, फायरबॉल ४ मॅनात ६. दोघांच्या दोन-दोन प्रती, म्हणजे ३+३+६+६, एकूण १८. समोरच्याचे प्राण ३०. कागदावर वाटतं की मिनियननी १२ करायचे, बाकी स्पेल बघतील. पण आठव्या टर्नपर्यंत तुम्ही पाहिलेले पत्ते ११. ३० मधले ११ पाहिले तर त्या १८ पैकी सरासरी साडेसहाच तुमच्या हाती आलेले असतात, आणि त्यातला एखादा स्पेल टेबलावरच्या मिनियनवर खर्च झालेला असतो. तेव्हा खरा हिशोब असा: स्पेलकडून सहा-सात, हिरो पॉवरकडून एक-दोन, बाकी वीसेक मिनियनकडून. हे कळल्यावर यादी कुठल्या दिशेला न्यायची ते आपोआप दिसतं. एक तर सुरुवातीचे मिनियन वाढवा, नाहीतर पत्ते ओढणारी कार्डं वाढवा. आर्केन इंटेलेक्ट ३ मॅनात दोन पत्ते देतं. अशा कार्डांच्या जोरावर त्याच वेळेत १६ पत्ते पाहिलेत तर साडेसहाचे साडेनऊ होतात. मात्र पत्ते ओढता त्या टर्नला टेबलावर काहीच येत नाही. हा सौदा तुमच्या योजनेला परवडतो का, ते बघूनच त्याच्या प्रती ठरवायच्या.

सुरुवातीच्या मिनियनचं मोल नवे खेळाडू फार कमी धरतात. ३ अ‍ॅटॅकचा दोन मॅनाचा मिनियन दुसऱ्या टर्नला उतरला आणि कोणी हात लावला नाही, तर सहाव्या टर्नपर्यंत तो चार वेळा मारतो: १२ डॅमेज, दोन फायरबॉलइतकं. तोच मिनियन आठव्या टर्नला उतरला तर बहुतेकदा एकदाही मारायला मिळत नाही. समोरच्याने तो हटवायला स्पेल खर्च केला तरी तुमचं दोन मॅनाचं कार्ड त्याच्या एका कार्डाला भारी पडलं. स्वस्त कार्ड कमजोर ही समजूत सोडा. त्याची वेळ ठरलेली असते, आणि त्या वेळी ते हातात असावं म्हणून त्याच्यासारखी सात-आठ ठेवायची.

हिरो पॉवर हा डेकमधला एकतिसावा पत्ता. तो दर डावात हमखास मिळतो, तरी यादी बांधताना लोक त्याला विसरतात. वॉरलॉक २ मॅना आणि २ प्राण देऊन एक पत्ता ओढतो, म्हणून त्याच्या डेकमध्ये एक-दोन मॅनाच्या कार्डांची रेलचेल असली तरी हात रिकामा होत नाही. झू नावाने ओळखला जाणारा त्याचा डेक याच आधारावर वर्षानुवर्षं चालला, आणि तो स्वस्तही होता. हंटर दर वेळी थेट हिरोला २ डॅमेज करतो, त्याच्या डेकला डाव लांबवायचं काही कारण नाही. वॉरियरला २ आर्मर मिळतं, त्याला लांबलेला डाव मानवतो. तुमची मेज १ डॅमेज हवं तिथे करू शकते, म्हणजे एका प्राणावर उरलेला मिनियन संपवायला पत्ता खर्चावा लागत नाही. हे ध्यानात ठेवून मिनियनची आकडेवारी निवडा. ३ प्राणांच्या मिनियनशी भिडायला २ अ‍ॅटॅक पुरतो, उरलेला एक हिरो पॉवरने निघतो.

आता तुम्ही विचारलेला दोन लेजंडरींचा कॉम्बो. ‘दोन्ही एकत्र आली की डाव खलास’ असं तुम्ही लिहिलंय, आणि ते खरंही आहे. पण दोन्हींची एकेकच प्रत आहे. दहाव्या टर्नपर्यंत १३ पत्ते पाहिलेत तर दोन्ही हातात असण्याची शक्यता जेमतेम १८%. २० पत्ते पाहिलेत तर ४४%. म्हणून चांगल्या कॉम्बो डेकमध्ये कॉम्बोचे पत्ते दोन-चारच असतात आणि बाकी जवळजवळ सगळा डेक पत्ते ओढणं आणि जिवंत राहणं या दोन कामांसाठी राबतो. तुमच्या डेकमध्ये कॉम्बो आहे, त्याला वाहणारा डेक नाही. एक तर पूर्ण कॉम्बो डेक बांधा, नाहीतर ती दोन्ही कार्डं काढा. अर्धामुर्धा कॉम्बो सगळ्यात महाग पडतो, कारण एकटं आलेलं कार्ड हातात अडकून बसतं.

इथे कोणी विचारेल, मग रेनोचं काय? रास्त प्रश्न आहे, आणि हा या खेळाचा माझा सर्वांत आवडता भाग. २०१५ च्या शेवटी आलेला रेनो जॅक्सन डेकमध्ये एकाही कार्डाची दुसरी प्रत नसेल तर तुमचे प्राण पूर्ण भरून देतो. दुसरी प्रत न ठेवणं म्हणजे आपणहून सरासरी हात बिघडवणं. तरी तो डेक खूप चालला, कारण बदल्यात मिळणारी गोष्ट तेवढी मोठी होती: समोरच्याने सहा टर्न खपून केलेलं सगळं डॅमेज पुसलं जाई. पण तो कुठे सगळ्यात जास्त चालला ते बघा. वॉरलॉकमध्ये. मलिगनमध्ये फक्त रेनोच शोधला तरी सहाव्या टर्नपर्यंत तो सापडण्याची शक्यता ३८% च्या आसपास असते, आणि दर टर्नला जादा पत्ता ओढणारा वॉरलॉक ती बरीच वाढवू शकतो. २०२२ मध्ये प्रिन्स रेनाथल आला. त्याने डेक ४० पत्त्यांचा केला आणि प्राणही ४० केले. पत्ते वाढले की हवं ते मिळण्याची शक्यता घटते, पण वरच्या १० प्राणांनी ती तूट इतकी भरून काढली की जो तो रेनाथल घालू लागला. त्याच वर्षी कंपनीला ते प्राण ४० चे ३५ करावे लागले. दोन्ही उदाहरणांतून मी एकच गोष्ट घेतो: सातत्य सोडता येतं, पण बदल्यात काय मिळतंय ते आकड्यात सांगता आलं पाहिजे. तुमच्या सात लेजंडरींच्या बदल्यात तुम्हाला असं काही मिळत नाही.

टेक कार्डांबद्दल, म्हणजे विशिष्ट डेकविरुद्ध ठेवायच्या कार्डांबद्दल, थोडक्यात. अ‍ॅसिडिक स्वॉम्प ऊझ हे २ मॅनाचं ३/२ (३ अ‍ॅटॅक, २ प्राण) कार्ड, उतरताना समोरच्याचं शस्त्र मोडतं. समजा तुम्हाला भेटणाऱ्यांपैकी निम्मे शस्त्रवाले आहेत. एक प्रत ठेवलीत तर ती सातव्या टर्नपर्यंत तिनातल्या एका डावात दिसते, त्यातल्या निम्म्यांतच कामाची. म्हणजे सहा डावांत एकदा. बाकीच्या पाच डावांत ते कार्ड काय करतं, यावर त्याची निवड करा. ऊझ निदान दुसऱ्या टर्नला ३ अ‍ॅटॅकचा मिनियन म्हणून उतरतो, म्हणून तो चालतो. जे कार्ड विशिष्ट डेकसमोरच उपयोगी आणि इतरांसमोर निकामी आहे, ते तो डेक खरोखर खूप भेटत असेल तरच ठेवा. परवा ज्या डेककडून हरलात त्याच्या रागापायी टेक कार्ड घालू नका. स्पर्धेत हिशोब वेगळा असतो. कॉन्क्वेस्ट पद्धतीत प्रत्येकजण अनेक डेक घेऊन येतो, समोरचा त्यातला एक बाद करतो आणि उरलेल्या प्रत्येक डेकने एकेक डाव जिंकावा लागतो. तिथे डेक निवडताना पूर्ण संचाचा विचार लागतो आणि टेकला जास्त जागा मिळते. भारतीय खेळाडूही या पातळीवर खेळलेत: २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते तेव्हा, भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोनमध्ये कांस्यपदक मिळवलं होतं. लॅडरवर, म्हणजे रँकच्या नेहमीच्या डावांत, मात्र तुम्ही एकच डेक घेऊन अनोळखी लोकांसमोर बसता. तिथे साधा, सरळ, सगळ्यांशी बऱ्यापैकी लढणारा डेकच वर नेतो.

तुम्ही पैसे घालत नाही, त्यामुळे डस्टचा (कार्ड बनवायला लागणाऱ्या खेळातल्या चलनाचा) विचार मी डेकच्या बांधणीचाच भाग धरतो. कॉमन बनवायला ४०, रेअर १००, एपिक ४००, लेजंडरी १६००. मोडल्यावर मिळतात अनुक्रमे ५, २०, १०० आणि ४००. चुकीची एक लेजंडरी बनवून पुन्हा मोडली की १२०० डस्ट गेली, म्हणजे बारा रेअर. आठ स्वस्त कार्डांचा पाया कॉमन-रेअरमध्ये सहज बसतो आणि वर दाखवलेल्या हिशोबाने तोच सगळ्यात जास्त डाव जिंकून देतो. म्हणून आधी पाया, लेजंडरी शेवटी. नवा विस्तार (नव्या कार्डांचा संच) आला की पहिले दोन आठवडे काहीही महाग बनवू नका. याद्या रोज बदलत असतात, आणि एखादं कार्ड फारच चालू लागलं तर कंपनी ते कमजोर करते. कमजोर झालेलं कार्ड ठरावीक मुदतीत मोडलं तर पूर्ण किंमत परत मिळते, ती मुदत चुकवू नका. स्टँडर्डमध्ये, म्हणजे फक्त अलीकडचे संच चालतात त्या प्रकारात, दरवर्षी पहिल्या विस्ताराबरोबर जुने संच बाहेर जातात. तेव्हा वर्ष संपत आलेलं असताना जुन्या संचातली लेजंडरी बनवणं म्हणजे दोन-तीन महिन्यांसाठी १६०० मोजणं. कोअर संच सगळ्यांना फुकट मिळतो, पण तोही दरवर्षी बदलतो. मी वर घेतलेली नावं ‘अशा कामाचं कार्ड’ या अर्थाने वाचा.

दुसऱ्याची यादी उतरवण्यात काहीही कमीपणा नाही, शिकायचा तो चांगला रस्ता आहे. एखादं कार्ड तुमच्याकडे नसेल तर त्याच मॅनाचं कार्ड घालायची सवय मात्र सोडा. त्याच कामाचं घाला. समजा सात मॅनाचं एक कार्ड पूर्ण टेबल साफ करायला ठेवलंय. त्याच्या जागी सात मॅनाचा मोठा मिनियन घातलात तर कर्व्ह (किती मॅनाची किती कार्डं, ती मांडणी) जसाच्या तसा दिसेल आणि डेक मोडेल. पाच मॅनाचं, थोडं कमी साफ करणारं कार्ड तिथे चालेल.

डेक चालतो की नाही हे कसं ओळखायचं? वीस डावांत १२ जिंकलात म्हणून खूश होऊ नका. ज्या डेकची ताकद अगदी ५०% आहे तोही दर चारपैकी एका वेळी वीसात १२ किंवा जास्त जिंकतो, निव्वळ नशिबावर. तसंच ८ वर थांबलात म्हणून डेक फेकूनही देऊ नका. इतक्या कमी डावांत जिंकण्याच्या टक्क्यापेक्षा दुसरी नोंद कितीतरी जास्त सांगते: हरलात त्या प्रत्येक डावाच्या शेवटी हातात कोणते पत्ते अडकलेले होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या टर्नला मॅना वाया गेला का. वीस डावांनंतर दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा दिसतील. तीच काढायची. एका वेळी दोनच पत्ते बदला, नाहीतर कुठल्या बदलाने काय झालं ते कळत नाही.

तुमच्या यादीत मी आज हे करीन. कॉम्बोच्या दोन लेजंडरी आणि त्याखेरीज सात किंवा जास्त मॅनाची तीन कार्डं काढा. राहतील त्यातलं महागडं कार्ड एखादंच असावं, ज्याने डाव संपतो असं. रिकाम्या पाच जागी एक-दोन मॅनाची कार्डं घाला, त्यात निदान चार मिनियन. आता स्वस्त कार्डं ८ झाली, म्हणजे ६१% चे ९४%. फायरबॉल-फ्रॉस्टबोल्टच्या दोन्ही प्रती राहू द्या. आर्केन इंटेलेक्टची एक प्रत आहे, पहिल्या वीस डावांपर्यंत एकच ठेवा. स्वस्त डेकमध्ये हात लवकर रिकामा होतोय असं दिसलं तर दुसरी घाला. मलिगनमध्ये तीन मॅनाच्या वरचं काहीही धरून ठेवू नका, फायरबॉलसुद्धा नाही. काढलेल्या लेजंडरी मोडू नका. त्यातली निदान एक कंट्रोल डेकमध्ये (टेबल साफ करत डाव लांबवणाऱ्या डेकमध्ये) कामाला येईल असं मला दिसतंय, पण त्यासाठी टेबल साफ करणारी कार्डं अजून तुमच्याकडे जमायची आहेत. वीस डाव झाले की अडकलेल्या पत्त्यांची नोंद आणि कुठल्या क्लासकडून किती वेळा हरलात ते पाठवा, पुढचे दोन बदल त्यावरून ठरवू.